जेट्टीवरचे छोटे मासे: वहीतली चार नावं रिकामी आहेत, मदत हवी

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

इथे रावस, जिताडा, तांब यांचे धागे पुष्कळ आहेत. माझा धागा बोटभर ते वीतभर माशांचा आहे. मला त्यांची नावं हवी आहेत.

मी वडगाव बुद्रुकचा. लहानपणापासून खडकवासल्याच्या पाण्यावर गळ टाकत आलोय, त्यामुळे चिलापी आणि मरळ यांच्याशी चांगली ओळख. समुद्राशी मात्र नव्हती. लेक पाचवीत आहे, नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन दिघीला गेलो. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, आणि आदल्या रात्री बोर्लीत मुक्काम. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही जेट्टीवर होतो. समोर राजपुरीची खाडी, तिच्या तोंडाशी जंजिरा, उजेड अजून पुरता फुटलेला नव्हता. तिथल्या माणसांना आधी विचारून घेतलं. होड्या लागतात ती बाजू सोडा आणि मागच्या कोपऱ्यावर बसा, म्हणाले.

माझ्याकडे सहा फुटी दांडी, खडकवासल्याचेच ४ नंबरचे गळ, आणि पुण्याहून बर्फात नेलेली सोललेली कोळंबी. जमेल तितकं लांब फेकत होतो. पहिला तासभर नुसती टकटक व्हायची, ओढून बघावं तर गळ कोरा. लेकीने तेरा वेळा कोळंबी लावून दिली, तिनेच मोजलं. शेजारी साठीपुढचे एक काका बसले होते. त्यांच्याकडे दांडी नव्हती. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), एक गरी आणि शिशाचा बारका तुकडा एवढंच. त्यांनी माझा गळ हातात घेऊन पाहिला. "गरी एवढी मोठी आणि माशाचं तोंड एवढंसं, तो खाणार कसा?" मग खिशातल्या डबीतून दोन बारीक गऱ्या काढून दिल्या, १२ नंबरच्या असाव्यात (नंबर जितका मोठा, तितकी गरी बारीक). "आणि लांब टाकू नको. तुझ्या पायाखालीच बघ."

आम्ही दोघं पालथे पडून खाली बघायला लागलो. जेट्टीचे खांब पाण्याच्या वरपर्यंत कालवांनी भरलेले. त्या खरखरीत सालीच्या आडोशाने चिमुकले मासे आत-बाहेर करत होते. एखादा सावलीतून बाहेर यायचा, पाण्यातलं काहीतरी टिपायचा आणि परत आत. तासभर मी त्यांच्या डोक्यावरून गळ फेकत होतो! कोळंबीचा तुकडा तुरीच्या डाळीएवढा केला, तंगूस खांबाला लागून सरळ खाली सोडली, आणि दुसऱ्या मिनिटाला पहिला मासा वर आला.

दिवसभरात तेवीस मासे, सात प्रकारचे. मासा आला की आधी बादलीतल्या खाऱ्या पाण्यात, मग ओल्या हाताने स्टीलच्या पट्टीवर, मग लेक वहीत त्याचं चित्र काढणार, मग परत खाडीत. खाण्यापुरत्या सहा मुडदुश्या तेवढ्या ठेवल्या. मुडदुशी, शिंगटी आणि केंड ही तीन नावं काकांनी सांगितली. दुपारी ते घरी गेले आणि चार पानं बिननावाची राहिली. ती अशी:

पहिला मासा आठ सेंटीमीटरचा. चांदीसारखा, अंगावर कमानीसारख्या वाकलेल्या तीन काळ्या रेघा, शेपटीवरही पट्टे. हातात घेतला की कुरकुरायचा, अगदी स्पष्ट ऐकू यायचं. हे सगळ्यात जास्त मिळाले, नऊ.

दुसरा चपटा, पिंपळपानासारखा, हाताला बुळबुळीत. तोंड मिटलेलं असताना काहीच वाटत नाही, पण उघडलं की नळीसारखं पुढे येतं. लेकीने हे तोंड तीनदा काढलं.

तिसरा दुपारी साडेतीनला मिळाला. चपलेच्या रबराचा तुकडा तरंगता ठेवून आमिष वरच्या पाण्यात सोडलं होतं. सुईसारखा लांब, वरचा आणि खालचा दोन्ही जबडे लांब आणि दातेरी. गरी खोल गेली होती, तो जगला नसता, म्हणून मुडदुश्यांबरोबर पुण्याला आणला. रात्री साडेअकराला तळायला घेतले, तर त्याचे काटे हिरवे निघाले. हिरवेगार, रंग दिल्यासारखे. आई सासवडकडची, तिने हा प्रकार कधी बघितलेला नाही. विषारी असेल म्हणून तिने कढईतलं सगळंच फेकलं, मुडदुश्यांसकट. मला त्या मुडदुश्यांचं अजून वाईट वाटतं.

चौथा बोटाएवढा, मातकट, डोळे डोक्यावर. बादलीत ठेवला तर पोटाने तळाला चिकटून बसला, पाणी हलवलं तरी सुटेना.

आणखी दोन गोष्टी. सकाळी अकरा ते दुपारी दोन एकही मासा लागला नाही, आमिषाला कुणी तोंडसुद्धा लावलं नाही. तीननंतर अंधार पडेपर्यंत मात्र फुरसत मिळाली नाही. असं का व्हावं? दुसरं, शिंगटी सोडवताना तिचा काटा अंगठ्यात गेला. ताम्हिणी चढेपर्यंत अंगठा ठणकत होता, स्टिअरिंग धरवत नव्हतं. अशा वेळी काय करायचं?

वहीच्या चार पानांचे फोटो जोडले आहेत. चित्रं लेकीची.

बाणकोटवाली, सध्या कोथरूड

दादा, तुम्ही अष्टमीला गेलात. दुपारी काही लागलं नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

आमचे आजोबा भरती कॅलेंडरवर बघत नसत, तिथीवरून काढत. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती भरतीची वेळ, सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे. आठ पाऊणे सहा. म्हणजे अष्टमीला पहाटे सहाला भरती, संध्याकाळी सहाच्या पुढेमागे दुसरी, आणि सव्वाबाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, कारण भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बाणकोटपासून मुरूडपर्यंत मला तो जुळलेला आहे.

तुम्ही बसलात तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं, म्हणून सकाळी मासे होते. अकरा ते दोन पाणी मेलेलं. त्यातून अष्टमी म्हणजे भांग. भांगाला भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही, पाण्याला ओढच नसते. पाणी वाहतं तेव्हा त्याच्याबरोबर किडे, अंडी, बारीक कोळंबी वाहून येते आणि मासा खायला बाहेर पडतो. पाणी थांबलं की तोही खांबाला लागून थांबतो. तीनला भरती जोर धरायला लागली आणि तुमचे मासेही सुरू झाले.

उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गेलात तर ओढ इतकी असते की हलकं शिसं तळाला टिकत नाही आणि तंगूस आडवी जाते. छोट्या माशांसाठी मधले दिवस बघा. एकादशी किंवा द्वादशी घ्या, घरात एकादशीला मासे चालत नसतील तर द्वादशीच. बारा पाऊणे नऊ. सहाला जाऊन बसलात तर चढत्या पाण्याचे तीन तास सरळ हातात, आणि मुलगी उन्हाच्या आत परत.

पुण्याहून कोळंबी नेऊ नका. जेट्टीजवळ सकाळी बायका करंदी (बारीक ताजी कोळंबी) घेऊन बसतात, वाटाभर घ्या. बर्फातली कोळंबी मऊ पडते आणि गरीवरून सुटते, तुमचे तेरा तुकडे तसेच गेले असणार. कालवाचं मांस मासा सोडत नाही, पण गरीवर राहत नाही, शिवणाच्या दोऱ्याने दोन वेढे द्यावे लागतात. आणि वरच्या पाण्यात बोयांची पिल्लं थव्याने फिरताना दिसली असतील, त्यांना कोळंबी दाखवून उपयोग नाही. ती चिखलातलं शेवाळ खाणारी. त्यांना कणकेची गोळी, मिरीएवढी.

मुडदुश्या फेकल्या हे वाचून मलाही फार वाईट वाटलं. ताज्या मुडदुशीला नुसतं मीठ, हळद, तिखट आणि वरून तांदळाचं पीठ, दुसरं काही लागत नाही. ती वाळूवरची मासळी आहे, घाबरली की तोंड खुपसून वाळूत घुसते. लहानपणी ओहोटीच्या उथळ पाण्यात आम्ही तिला पायाने चाचपून काढायचो.

प्राणिशास्त्रवाली मावशी

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. चारही पानं मोठी करून पाहिली. तुमच्या लेकीने पहिल्या माशाच्या कल्ल्यावरचा काटासुद्धा काढला आहे. माझ्या पदवीच्या मुलांकडून तो सुटायचा. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

पान पहिलं: टेरापॉन जार्बुआ. कमानीसारख्या तीन रेघा आणि पट्ट्यापट्ट्यांची शेपटी ही त्याची खूण. ह्या रेघा बाजूने कमानी दिसतात, पण पुढच्या वेळी बादलीत वरून बघा. दोन्ही बाजूंच्या रेघा पाठीवर मिळून एकात एक वर्तुळं झालेली दिसतील. कुरकुर येते ती पोटातल्या हवेच्या पिशवीतून. तिला जोडलेले स्नायू भराभर आखडतात आणि पिशवी ढोलकीसारखी वाजते. त्याला गोडं-खारं दोन्ही पाणी मानवतं, म्हणून खाड्यांच्या तोंडाशी त्याची पिल्लं भरपूर असतात. कल्ल्यावरचा तो काटा टोकदार असतो, धरताना सांभाळा.

पान दुसरं: काप. इंग्रजीत पोनीफिश म्हणतात. नळीचं तोंड हीच त्याची ओळख, पण त्याची खरी गंमत आत आहे. त्याच्या अन्ननलिकेभोवती एक कंकणासारखा अवयव असतो आणि त्यात प्रकाश देणारे जीवाणू राहतात. मासा त्यांना आसरा देतो, ते त्याला उजेड देतात. हा उजेड पोटाकडून बाहेर पाझरतो. वरून येणाऱ्या उजेडात त्याची सावली पुसली जाते आणि खालून बघणाऱ्या शत्रूला तो चटकन दिसत नाही, असा त्याचा एक उपयोग समजला जातो. वहीत हे जरूर लिहायला सांगा.

पान तिसरं: टोळ. त्याचे काटे हिरवेच असतात. बिलिव्हर्डिन नावाचं रंगद्रव्य त्यांत साठतं, आपल्या पित्तातही ते असतं. मार बसल्यावर कातडी आधी काळीनिळी होते आणि मग हिरवट, तो हिरवटपणाही त्याचाच. खाण्याला काहीही अपाय नाही. आईंना सांगा, पुढच्या वेळी निर्धास्त तळा. फक्त काटे बारीक आहेत, मुलीला निवडून द्या.

पान चौथं: हा गोबींच्या गोतावळ्यातला आहे, इतकं खात्रीने सांगते. पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन त्यांची वाटी झालेली असते, तिच्या जोरावर तो चिकटतो. चिखलात उड्या मारणारी निवटी याच्याच नात्यातली. पण ह्या कुळात शेकडो जाती आहेत. चित्रावरून नेमकी जात सांगितली तर तो अंदाज होईल, आणि अंदाज मुलीच्या वहीत नको. पुढे कधी मिळाला तर परांमधले काटे मोजा आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या.

केंडाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, म्हणून सांगते. फुगलेला केंड मुलांना फार आवडतो, पण त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असू शकतं. ते शिजवून जात नाही आणि त्याला उतारा नाही. तो कधीही कढईपर्यंत जाऊ देऊ नका, मांजरालाही घालू नका. घरात फेकायलाच हवा असा मासा तुमच्या सातांपैकी तो एकच.

हर्णैकर

शिंगटीच्या काट्याबद्दल. पाठीवर एक आणि बाजूंना दोन, असे तीन काटे असतात. कडेला करवतीसारखे उलटे दाते, आणि वर विषारी बुळबुळीत आवरण. म्हणून एवढासा काटा इतका ठणकतो. उपाय गरम पाणी. जखम धुवायची, आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवायचं, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास. हे विष उष्णतेने मोडतं, ठणका तिथल्या तिथे उतरायला लागतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा, दुखरं बोट बधिर असतं आणि त्याला भाजलेलं कळत नाही. तुम्ही जेट्टीवरच्या चहाच्या टपरीवर मागितलं असतं तर मिळालं असतं. काटा आत मोडला असेल, सूज वाढत असेल तर डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

शिंगटीला नुसत्या हाताने धरू नका. ओलं फडकं घ्या, किंवा बोटभर पाण्यात असतानाच चिमट्याने गरी फिरवा, ती स्वतः सुटून जाते. आणि तिच्यावर राग धरू नका. ह्या जातीत नर अंडी तोंडात धरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत, आणि तोवर तो खात नाही. गोटीएवढी अंडी तोंडात भरलेला शिंगाळा मी जाळ्यात पाहिला आहे.

दर्या_सोडून_देहूरोड

माझं मत वेगळं आहे. माझे वडील पोटासाठी गरवायचे. खायचा नाही त्या माशाच्या तोंडात गरी घालायची, पट्टीवर मोजायचा आणि सोडायचा, हे मला पटत नाही. बारक्या माशाचा जबडा फाटतो. सोडला तरी त्यातला किती जगत असेल? मुलीला दाखवायचे असतील तर ओहोटीला खडकातल्या डबक्यांत दाखवा, तिथे सगळे आहेत, गरीची गरज नाही. आणि गरवायचं असेल तर आणाल तेवढं खा.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. कापाच्या पोटातल्या उजेडावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्या पानावरचा मासा परत काढला, ह्या वेळी काळ्या कागदावर, पोटाशी पिवळा खडू.

आईला टोळाचं सांगितलं. तिला वाईट वाटलं, आणि पुढच्या खेपेला मुडदुश्या दुप्पट आणा म्हणाली.

देहूरोडकर, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळतंय. मला त्याचं पूर्ण उत्तर नाही. तेवीसपैकी पंधरा मासे पोहत गेलेले आम्ही बघितले, पुढे त्यांचं काय झालं ते दिसलं नाही. एवढं ठरवलं आहे की ज्या जातीचं पान भरलं, त्या जातीचा मासा मुद्दाम परत गरवायचा नाही. चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडवायचा. गरीचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करून घेतला आहे, त्यामुळे तोंड फाटत नाही, निदान खडकवासल्याच्या चिलापीवर काल करून पाहिलं तेव्हा फाटलं नाही. आणि डबक्यांची कल्पना घेतो. द्वादशीला नऊनंतर पाणी उतरायला लागेल, तेव्हा दांडी गुंडाळून खडकांवर जाऊ. वाळूतल्या मुडदुश्या पायाने चाचपून बघायच्या हे लेकीने आधीच जाहीर केलंय.

बाणकोटवाल्या ताई, पाऊणकीचा पाढा आमच्याकडे फ्रिजवर लागला आहे. पुढची सुट्टीच्या दिवशी येणारी द्वादशी कॅलेंडरवर शोधून तिच्यावर खूण केली. एक निरीक्षण राहिलं होतं. फेरीबोट लागून निघाली की पंखा तळाचा चिखल ढवळतो, आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटं आमच्या कोपऱ्यात मासे जोरात लागायचे. दुपारच्या मेलेल्या पाण्यात मात्र फेरीनेही काही फरक पडला नाही. हे कुणी अनुभवलं आहे का?

चौथ्या पानावर तिने 'गोबी, जात शोधायची आहे' असं पेन्सिलीने लिहिलंय.

आणि त्या काकांच्या दोन गऱ्या द्यायच्या राहिल्या आहेत. एक माझ्याकडे आहे, दुसरी केंडाने तंगूस तोडून नेली, त्याचे चार दात कात्रीसारखे चालतात. १२ नंबरच्या गऱ्यांचं अख्खं पाकीट पुण्यात घेऊन ठेवलंय. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, पण कोपरा माहीत आहे.